तीनशे अडुसष्ट दिवसांचं काम

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना होणारे माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. आकडे मात्र एपिसोडमध्ये घाईत सांगितले गेले, ते इथे नीट मांडलेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप आपण पहिल्या भागापासून देतो. आजचा विषय बघता ते दिलं नसतं तर हसंच झालं असतं.

विषय आहे ॲक्सेसिबिलिटी. सरकारी मराठीत याला सुगम्यता म्हणतात. शब्द चांगला आहे, पण तोंडात तितका सुगम बसत नाही, म्हणून मी दोन्ही वापरणार आहे. अर्थ साधा आहे: डोळ्यांनी दिसत नसो, हात थरथरत असोत, ऐकू येत नसो, वेबसाईट वापरता आली पाहिजे. आमच्या धंद्यात हा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं. 'करायला हवं हो, पण आता वेळ नाही आणि माणसंही नाहीत. पुढच्या रिलीजला बघू.' हे उत्तर एकदा मानवी हक्क आयोगापुढे, वकिलांमार्फत, आकड्यांसकट मांडलं गेलं. त्याचं काय झालं, ते आज बघू.

वर्ष १९९९, ठिकाण ऑस्ट्रेलिया. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनीला ऑलिंपिक भरणार होतं आणि त्याची वेबसाईट उभी राहत होती. ७ जून १९९९ रोजी ब्रूस मॅग्वायर नावाच्या गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आणि समान संधी आयोगाकडे ऑलिंपिकच्या संयोजन समितीविरुद्ध तक्रार दाखल केली. या समितीला तिकडे सगळे 'सोकॉग' म्हणायचे, आपणही तेच म्हणू. मॅग्वायर जन्मापासून अंध. ते ब्रेल वाचायचे आणि कॉम्प्युटरवर ब्रेल डिस्प्ले वापरायचे.

ब्रेल डिस्प्ले तुम्ही पाहिला नसेल तर थोडं सांगतो. कीबोर्डच्या पुढ्यात एक लांबट पट्टी असते. तिच्यावर ओळीने छोट्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत आठ बारीक पिना. स्क्रीनवरच्या अक्षरांप्रमाणे पिना वर-खाली होतात आणि बोटांनी ओळ वाचता येते. एक ओळ वाचून झाली की पुढची. अख्खं पान एका नजरेत बघण्याची सोय इथे नाही, त्यामुळे पान कसं रचलंय याला फार महत्त्व. आणि एक गोष्ट उघड आहे: पिनांना फक्त अक्षरं कळतात. चित्र आलं की पिनांकडे दाखवायला काही नसतं.

मॅग्वायर यांच्या वेबसाईटबद्दलच्या मागण्या मोजून तीन होत्या. चित्रांना आणि चित्रातल्या लिंकना पर्यायी मजकूर द्या. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीकडे जाता येऊ द्या. आणि स्पर्धा सुरू झाल्या की निकालांचे तक्ते मला वाचता येतील असे ठेवा. कुठला खेळ कधी आहे आणि कोण जिंकलं, एवढं एका ऑस्ट्रेलियन माणसाला स्वतःच्या देशात भरलेल्या ऑलिंपिकबद्दल स्वतःहून कळावं, बस्स.

आता पहिल्या मागणीचा इतिहास थोडा मागे जाऊन बघू, कारण तो मला फार आवडतो. वेबवर सुरुवातीला चित्रं नव्हतीच. पानातच चित्र बसवणारा 'इमेज' टॅग २५ फेब्रुवारी १९९३ रोजी मार्क अँड्रीसनने एका मेलिंग लिस्टवर सुचवला. तेव्हा तो इलिनॉयमध्ये मोझेक ब्राउझर लिहीत होता, वय एकवीस. त्या प्रस्तावात चित्राची फाईल कुठे आहे हे सांगायची सोय होती. चित्र दिसलं नाही तर काय, याची नव्हती. ती सोय, म्हणजे आम्ही ज्याला 'ऑल्ट' म्हणतो ती, मागाहून आली. १९९५ च्या एचटीएमएल २ मध्ये ती ऐच्छिक होती. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये सक्तीची झाली. म्हणजे मॅग्वायर यांनी तक्रार केली तेव्हा ऑल्ट नसलेलं चित्र हे एचटीएमएलच्या नियमानेच चुकीचं होतं. ते काही वेगळी मेहेरबानी मागत नव्हते.

गंमत म्हणजे ऑल्ट मुळात अंधांसाठी म्हणून जन्मलं नाही. त्या काळी कित्येक विद्यापीठांतले लोक लिंक्स नावाच्या निव्वळ अक्षरी ब्राउझरवर वेब बघायचे. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं. इतर कित्येकांचा मोडेम इतका कूर्मगती की ते चित्रं बंदच ठेवायचे. या डोळस मंडळींसाठी पर्यायी मजकूर हवा होता. पुढे नेटचा वेग वाढला, चित्रं भराभर उतरायला लागली, डोळसांची गरज संपली. आणि लोकांनी ऑल्ट लिहिणं सोडून दिलं.

हा झाला वेबचा भाग. पण एक पायरी आणखी खाली उतरायला हवं, कारण अंध माणसाच्या कॉम्प्युटरचा खरा घात वेबच्या आधी, खिडक्या आणि माऊस आल्या तेव्हाच झाला होता.

डॉसच्या काळात स्क्रीन म्हणजे अक्षरांचा तक्ता. ८० रकाने, २५ ओळी, आणि कुठल्या चौकटीत कुठलं अक्षर आहे हे मेमरीत सरळ लिहिलेलं. स्क्रीन रीडर प्रोग्रॅमने तिथून उचलायचं आणि बोलायचं. आयबीएममधले गणिती जिम थॅचर यांनी अशा पहिल्या काही स्क्रीन रीडरपैकी एक बनवला. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक जेसी राइट स्वतः अंध होते. दुसरीकडे टेड हेंटर. हा माणूस मोटरसायकल रेसर. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये कार अपघातात दृष्टी गेली, मग प्रोग्रॅमिंग शिकला, १९८७ मध्ये भागीदाराबरोबर कंपनी काढली आणि तिथून 'जॉज' हा स्क्रीन रीडर आला. इंग्रजीतल्या 'बोलक्या आवाजातून नोकरीची वाट' अशा अर्थाच्या नावाची ती आद्याक्षरं. नोकरीचा उल्लेख नावातच आहे, कारण प्रश्न तोच होता. ऑफिसातलं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं आणि डॉसवर अंध माणूस ते करू शकत होता.

मग विंडोज आलं आणि तो तक्ता गायब झाला. स्क्रीनवर आता अक्षरं नव्हती, ठिपके होते. 'क' हे अक्षर नसून कचं चित्र. स्क्रीन रीडर लिहिणाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली तिला आमच्यात 'ऑफ-स्क्रीन मॉडेल' म्हणतात. प्रोग्रॅम जेव्हा सिस्टीमला सांगतो की या जागी ही अक्षरं रंगव, तेव्हा मध्येच तो निरोप चोरून ऐकायचा आणि कुठे काय रंगवलं याची आपली खासगी वही ठेवायची. पत्र पोचवणाऱ्या पोस्टमनला वाटेत थांबवून पाकिटं वाचण्यासारखं. विंडोजसाठीचं जॉज बाजारात यायला १९९५ उजाडलं. मधल्या वर्षांत ऑफिसं विंडोजवर जात होती आणि डॉसवर कमावलेलं कौशल्य घेऊन अंध कर्मचारी मागे राहत होते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि नोकरी धोक्यात आली, असं आपल्यापैकी किती जणांना म्हणावं लागलंय?

तर, सिडनी.

सोकॉगची वेबसाईट आयबीएमने बांधली होती. ज्या आयबीएममध्ये थॅचर होते, तीच. इतकंच नाही. आयबीएमच्या तोक्योतल्या प्रयोगशाळेत चिएको असाकावा नावाच्या अंध संशोधक होत्या, आजही त्या या क्षेत्रातलं मोठं नाव आहेत. त्यांनी १९९७ मध्ये 'होम पेज रीडर' नावाचा बोलणारा ब्राउझर आणला होता. साधा मजकूर पुरुषी आवाजात आणि लिंक आली की बायकी आवाजात, अशी त्यात सोय होती. इतकं साधं, इतकं नेमकं डिझाईन मला फार कमी ठिकाणी दिसलंय. म्हणजे जगातलं यातलं सर्वोत्तम ज्ञान ज्या कंपनीच्या घरात होतं, तिच्याच दुसऱ्या खोलीत ही वेबसाईट बनत होती. मोठ्या कंपनीत काम केलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

नियम नव्हते, असंही नाही. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने १९९७ मध्ये यासाठी वेगळा उपक्रम सुरू केला होता, आणि ५ मे १९९९ रोजी त्यांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. १४ तत्त्वं, ६५ तपासणीचे मुद्दे. मॅग्वायर यांची तक्रार त्यानंतर साधारण महिन्याभराने आली. ऑस्ट्रेलियात १९९२ चा अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा होता. पण तो वेबसाईटला लागू होतो का, हे जगात कुठेच कुणी ठरवलं नव्हतं.

सोकॉगच्या बचावात कायद्याचा एक शब्दप्रयोग होता: 'असमर्थनीय त्रास'. सेवा देताना भेदभाव झाला तरी तो टाळणं इतकं जड असेल की तशी अपेक्षा करणंच गैर, तर कायदा सूट देतो. मग हे काम किती जड आहे ते त्यांनी मांडलं. निकालांच्या तक्त्यांमागे १,२९५ टेम्प्लेट्स आहेत. ते सगळे बदलायला एका माणसाला रोज ८ तास असे ३६८ दिवस लागतील. शिवाय तक्त्यांचं हे वेगळं रूप ठेवायला जादा यंत्रणा लागेल, तिचा खर्च २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे जाण्याचा प्रश्न? त्याला पर्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. मॅग्वायर यांनी प्रत्येक खेळाच्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाईप करावा.

हे शेवटचं वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. पत्ता माहीत असेल तर तो टाईप करता येईल, आणि पत्ता ज्या पानावर आहे ते पान वाचता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये इंडिकेटर बंद असताना कुणी 'गाडी कुठली ते गाडीत बसल्यावर कळेल' म्हणावं, तसं हे झालं.

तक्त्यांचं काम नेमकं काय होतं तेही सांगतो, कारण 'टेम्प्लेट बदलणं' म्हटलं की डोंगर वाटतो. त्या काळचे अनेक स्क्रीन रीडर स्क्रीनवरची ओळ डावीकडून उजवीकडे सरसकट वाचायचे. वर्तमानपत्राचं पान स्तंभ न बघता आडवं वाचलं तर काय होईल? पहिल्या बातमीची अर्धी ओळ, दुसरीची अर्धी, मग जाहिरात. तक्त्याच्या एका घरात धावपटूचं लांब नाव दोन ओळींत मोडलं की नेमकं हेच व्हायचं. शिवाय '९.८७' हा आकडा कुणाचा आणि कसला, हे डोळा वरच्या शीर्षकाकडे आणि डावीकडच्या नावाकडे बघून ठरवतो. ते नातं कोडमध्ये लिहिलं तर मशीनही सांगू शकतं. हे घर शीर्षकाचं आहे, हे त्या स्तंभाचं आहे, एवढं सांगणाऱ्या खुणा एचटीएमएल ४ मध्ये होत्याच.

मॅग्वायर यांच्या बाजूने दोन तज्ज्ञ उभे राहिले. टोरंटो विद्यापीठाच्या युटा ट्रेविरानस आणि ऑस्ट्रेलियातले टॉम वर्दिंग्टन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टेम्प्लेट्स १,२९५ पेक्षा बरेच कमी असणार, एकेकाला दोन तासांपेक्षा खूप कमी वेळ लागेल, नवी यंत्रणा कशालाच लागणार नाही, आणि एक अनुभवी माणूस व हाताखाली ५ ते १० मदतनीस असतील तर चार आठवड्यांत साईट मूलभूत पातळीवर सुगम्य होईल.

मी सवयीने सोकॉगचं एस्टिमेट वहीवर मांडून बघितलं. ३६८ गुणिले ८ म्हणजे २,९४४ तास. भागिले १,२९५ केलं की एका टेम्प्लेटला साधारण सव्वादोन तास. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये कुणी हा आकडा सांगितला असता तर भुवया उंचावल्या असत्या, पण ठीक आहे, धरू. आता तारखा बघा. तक्रार ७ जून १९९९ ची. त्याच दिवशी एका माणसाला बसवलं असतं आणि त्या बिचाऱ्याने एकही सुट्टी घेतली नसती, तर ३६८ दिवस ८ जून २००० ला पूर्ण होतात. ऑलिंपिकची सुरुवात १५ सप्टेंबरला. शनिवार-रविवार सुट्टी देऊन दोन माणसं बसवली असती, तर २००० च्या फेब्रुवारीत काम हातावेगळं. म्हणजे सोकॉगचा स्वतःचा फुगवलेला आकडा जसाच्या तसा खरा मानला, तरी तो बचाव ठरत नाही. तो फक्त वर्षभर कुणालाच बसवलं नाही याचा हिशेब ठरतो.

आयुक्त विल्यम कार्टर यांनी २४ ऑगस्ट २००० रोजी निर्णय दिला. तक्रारीपासून ४४४ दिवसांनी. त्यांनी 'असमर्थनीय त्रास' हा बचाव फेटाळला, भेदभाव झाला असं ठरवलं, आणि तिन्ही गोष्टी १५ सप्टेंबरपर्यंत करा असा आदेश दिला. वेबसाईट ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे आणि अंध माणसाला ती नाकारणं हा भेदभाव आहे, असं ठरवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या निर्णयांपैकी हा एक.

आणि मग? १५ सप्टेंबरला मशाल पेटली, स्पर्धा झाल्या, १ ऑक्टोबरला समारोप झाला. साईट पूर्णपणे दुरुस्त झाली नव्हती. ६ नोव्हेंबरला आयोगाने आदेश अर्धवटच पाळला गेल्याचं नोंदवून मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. पैसे मिळाले, पण ज्या निकालांच्या तक्त्यांसाठी भांडण होतं ते ऑलिंपिक संपून महिना झाला होता. हा खटला जगभरच्या ॲक्सेसिबिलिटीच्या प्रशिक्षणात विजय म्हणून शिकवला जातो. तो आहेच. पण प्रशिक्षणात हा शेवट बहुतेक वेळा शेवटच्या स्लाईडवर छोट्या अक्षरात असतो, आणि मला तो पहिल्या स्लाईडवर हवा होता असं वाटतं.

पुढच्या काळातलं भराभर सांगतो. अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीवर वेबसाईटसाठी दावा लावला, तो २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. त्यात २०१८ आणि २०२३ मध्ये भर पडली, आणि आज जगभर तीच धरून काम चालतं. ऑस्ट्रेलियातूनच आणखी एक मोठी गोष्ट आली. जॉज महाग, विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये पायथनमध्ये स्वतःच एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सामील झाला. दोघं लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. त्यांचा एनव्हीडीए फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. भारतात कॉलेजातल्या किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या अंध मित्राला विचारा, बहुतेक वेळा हेच नाव ऐकाल.

इथून आपण घरी येऊ. कारण मराठीत या गोष्टीला एक वेगळंच वळण आहे, आणि ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही.

माझा एक सहकारी अंध आहे. मिरजेजवळच्या गावचा, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा, आमच्या टीमचा सगळ्यात खडूस टेस्टर. त्याचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलतो की मला तो टाईपरायटर वाटतो, एक शब्द कळत नाही. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तू मराठी पेपर कुठला वाचायचास? तो म्हणाला, "कुठला वाचणार? कॉलेजात नेट मिळालं तेव्हा हौसेने मराठी पेपरची साईट उघडायचो आणि मशीन वेड्यासारखं बडबडायला लागायचं. मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. नाद सोडला. इंग्रजी पेपर वाचायला लागलो. गावात काय चाललंय ते आई फोनवर सांगायची."

त्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलेली होती आपली अक्षरं.

२००० च्या आसपासच्या बहुतेक मराठी साईट्स, सरकारी कागद, मासिकं ही श्रीलिपी, शिवाजी, क्रुतीदेव अशा फाँटांत लिहिलेली असत. या फाँटांची युक्ती अशी की कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहतो, फक्त फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. क्रुतीदेवमध्ये 'मराठी' लिहायचं तर मशीनमध्ये साठतं ई, जे, के, मोठा बी, एच. डोळ्याला दिसतं स्वच्छ 'मराठी'. कानाला ऐकू येतं ई-जे-के-बी-एच. विंडोजने अक्षराचा ठिपका केला तेव्हा स्क्रीन रीडरला निदान निरोप चोरून ऐकता येत होता. इथे निरोपच खोटा होता. ऑल्ट नसलेलं चित्र पानात एखाद-दुसरं असतं. आपल्याकडे अख्खं पान म्हणजेच ऑल्ट नसलेलं चित्र.

पर्याय नव्हता असंही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा मानक होता, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर भरपूर काम केलं होतं. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, तीही इस्कीच्याच पायावर. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्येच. तरी छापखान्यांची, डीटीपीवाल्यांची, दैनिकांची घडी बसली होती आणि ती मोडायला कुणी तयार नव्हतं. त्यांची अडचण अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीच्या युनिकोड फाँटांत जोडाक्षरं बेढब दिसायची आणि 'दर्‍या', 'तर्‍हा' यांतला र नीट उमटेल याची खात्री नसायची. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरीचे हाल होते.

मग बदल कशाने झाला? अंध वाचकांनी पत्रं लिहिली म्हणून नाही. गूगलवर सापडेना म्हणून. ई-जे-के-बी-एच असं साठवलेली बातमी 'मराठी' शोधणाऱ्याला कशी सापडणार? सर्च इंजिनही अंधच असतं, त्याला चित्र दिसत नाही, त्याला अक्षरं लागतात. त्यात मोबाईल आले, आणि मोबाईलवर वाचकाला 'आमचा फाँट डाऊनलोड करा' सांगायची सोय राहिली नाही. जाहिरातीचं उत्पन्न अडकल्यावर साईट्स युनिकोडवर गेल्या, आणि माझ्या मित्राला एक दिवस अचानक मराठी पेपर ऐकू यायला लागला. लिंक्सवाल्यांसाठी आलेलं ऑल्ट अंधांना मिळालं, गूगलसाठी आलेलं युनिकोड मराठी अंधांना मिळालं. दोन्ही वेळा त्यांचा नंबर कुणी लावला नव्हता.

अजून खडे आहेतच. मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून हिंदी किंवा इंग्रजी लिहिलेली मी आजही बघतो. भाषा चुकली की आवाज चुकतो. हिंदी आवाज 'चमचा' आणि 'चिमटा' यांतले च एकसारखेच उच्चारतो, 'ळ'ला अडखळतो. सलग ऐकणाऱ्याला हे तांदळातल्या खड्यांसारखं लागतं. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे, तेवढी करा. आणि जुने फाँट वेबवरून गेले तरी ऑफिसांतून गेलेले नाहीत. स्कॅन केलेली पीडीएफ हा त्यांचा नवा अवतार. शुभेच्छा, निमंत्रण, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, सगळं चित्र करून पाठवायची आपली सवय तर विचारूच नका.

कायद्याचं म्हणाल, तर भारत सरकारच्या वेबसाईट्ससाठी मार्गदर्शिका २००९ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं कलम आहे. अडचण 'मार्गदर्शक' या शब्दात होती. राजीव रतुडी या अंध याचिकाकर्त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की कायदा सक्ती करतो आणि त्याखालचा नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही. किमान, न टाळता येणारी मानकं केंद्राने ठरवावीत.

त्यानंतरचा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवरचा. बँकेत खातं काढायचं, सिमकार्ड घ्यायचं तर डिजिटल केवायसी लागतं, आणि तुम्ही जिवंत माणूस आहात हे पटवायला ॲप सांगतं, डोळे मिचकावा. हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या त्यांनी काय मिचकावायचं? अंध माणसाने कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा मधोमध आहे हे कसं ओळखायचं? न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि २० निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, हा त्यातलाच.

हे निर्देश कुणाच्या तरी जिरा बोर्डवर तिकिटं होऊन पडले असतील. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणांच्या बोर्डवर आहेत, हे मला माहीत आहे. एकाच्या तिकिटावर एस्टिमेट काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, "अजून टाकलं नाही."

पुढच्या भागात कॅप्चाबद्दल बोलू. आपण माणूस आहोत हे मशीनला पटवायची ही पद्धत कुठून आली आणि तिने कुणाकुणाला दाराबाहेर ठेवलं, ते बघू. तोवर एक काम: तुमच्यापैकी किंवा तुमच्या ओळखीत कुणी स्क्रीन रीडरवर मराठी वाचत असेल, तर कुठला आवाज वापरता आणि किती वेगाला लावता, हे मला जरूर कळवा. आमचा मिरजकर म्हणतो त्याच्याइतक्या वेगाने महाराष्ट्रात कुणी ऐकत नाही. मला त्याचा हा माज उतरवायचाय.